भुकटीचा वाफा

नळी निळी झाली तेव्हा त्याचे कान गार पडले. भीती त्याला कायम कानांतूनच यायची. इतरांच्या पोटात गोळा येतो, पायांना कापरं भरतं. याचे आधी कान गार पडायचे आणि मग सगळं जरा लांबून ऐकू यायला लागायचं. आत्ताही बेसिनचा गळका नळ शेजारच्या इमारतीत गळत असल्यासारखा वाटला. त्याने नळी स्टँडमधून उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, परत ठेवली. शेजारच्या नळ्या बघितल्या. उपाशी वाफ्याची नळी जेमतेम निळसर, म्हणजे पांढऱ्या कपड्याला नीळ कमी पडावी तशी. सुपर खताच्या वाफ्याची गडद. शेणखताची मधली. सगळ्या जिथल्या तिथे, शहाण्यासारख्या. फक्त भुकटीच्या वाफ्याची नळी, जी उपाशी वाफ्याच्या नळीशेजारी तिच्यासारखीच फिकट दिसायला हवी होती, ती सुपरच्या रंगाला जाऊन बसली होती. खाली चिकटवलेली पट्टी त्याने दोनदा वाचली. पट्टी त्याच्याच अक्षरातली होती.

त्याचं काम सांगायला तसं सोपं होतं. पाऊस कमी, विहिरींना पाणी नाही, अशा कोरडवाहू जमिनीत पिकाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, द्यायचं तर कशातून द्यावं, एवढा एकच प्रश्न घेऊन तो इतकी वर्षं बसला होता. कारखान्यातलं दाणेदार सुपर फॉस्फेट, हाडांचा चुरा, शेणखत, आणि खाणीतून काढून दळलेल्या खडकाची भुकटी. शहराबाहेरच्या संशोधन केंद्राच्या शेतावर प्रत्येकाचे वेगळे वाफे, शिवाय एक काहीच न घातलेला, त्याला सगळे उपाशी वाफा म्हणायचे. पीक निघालं की प्रत्येक वाफ्यातली माती शहरातल्या प्रयोगशाळेत यायची, तिच्या अर्कात रसायन पडायचं, आणि पिकाला घेता येईल असं स्फुरद जितकं असेल तितका निळा रंग चढायचा. या निळ्या नळ्यांपायी त्याला सगळी इमारत ‘निळेसर’ म्हणायची. नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटे. एकदा तर वरच्या खात्याकडून ‘श्री. निळे’ यांच्या नावे निमंत्रण आलं होतं, आणि चूक दाखवून कुणाला ओशाळं करण्यापेक्षा तो श्री. निळे म्हणून जाऊन मागच्या रांगेत बसून आला होता.

खडकाची भुकटी स्वस्त होती, जवळच्याच खाणीतली होती, आणि वरच्या लोकांना ती फार आवडत होती. अडचण एकच होती. ती विरघळायला माती थोडी आंबट लागते, आणि इथली जमीन चुनखडीची. अशा जमिनीत भुकटी नुसती पडून राहते, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, काडी इकडची तिकडे न करता. पहिल्या दोन वर्षांत तसंच झालं होतं. भुकटीच्या वाफ्यातली ज्वारी कोवळी असतानाच पानांच्या कडांनी जांभळी पडली होती, थंडीत लहान मुलाचे ओठ पडतात तशी, आणि पुढे धड वाढलीच नव्हती. तिसऱ्या वर्षी मात्र तोच वाफा डोक्याइतका उभा राहिला. यंदा पाऊस बरा झाला, त्याने स्वतःला सांगितलं होतं. मुळं खोल गेली असतील. काहीतरी झालं असेल. त्या पिकात उभा असताना त्याला आनंद व्हायला हवा होता आणि तो चारचौघांत हसलाही होता, पण तेव्हापासूनच आत काहीतरी टोचत होतं, चपलेत खडा गेल्यावर माणूस तसाच चालत राहतो तसा तो चालत राहिला होता. पाऊस ज्वारी वाढवू शकतो. पण पावसाने नळी निळी होत नाही.

“परत लावू का, सर?” प्रयोगशाळेतल्या बाई मागून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या हे त्याला कळलं नव्हतं.

“लावा.”

“नळ्या मी स्वतः धुतल्यात हं. माझ्या नळ्यांवर संशय नको.”

“नाही हो, तुमच्यावर कशाला.”

दुसऱ्यांदाही तोच रंग आला. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं. “मग आता मातीवरच संशय घ्या,” त्या म्हणाल्या आणि हात पुसत निघून गेल्या. त्यांनी ते सहज म्हटलं होतं. तो मात्र त्या वाक्यापाशी तसाच थांबला, कारण माती स्वतःहून काही करत नाही, तिच्यात कुणीतरी काहीतरी घालावं लागतं, आणि खतांच्या गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे असते. इथपर्यंत येऊन त्याचं मन मागे फिरलं. वाटेत कुत्रा झोपलेला असला की माणूस आवाज न करता वळसा घालून जातो, तसा दिवसभर तो त्या एका माणसाला वळसा घालत राहिला.

दुपारी संचालक आले. ते अंगाने मोठे आणि आवाजाने मऊ होते. त्यांना ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं, आणि तरी ते जिन्यावरून येताना लोक फोन खाली ठेवत. त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर बूड टेकलं.

“निळेसर, शुक्रवारी बैठक. वरचे साहेब येतायत. तिन्ही वर्षांची सरासरी मांडा, भुकटी सुपरच्या जवळपास जाते एवढं दिसलं की झालं. पेरणीच्या आत सगळ्या कोरडवाहू पट्ट्यात शिफारस जायला हवी. खाणीवर पोती भरायला लागलेत.”

“सर, तिसरं वर्ष जरा...”

“जरा काय?”

“जरा... चांगलंच आहे.”

“तेच तर!” संचालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता. तो गेल्यावरही खांद्यावर तेवढी जागा गरम राहिली.

संध्याकाळी तो पायी घरी निघाला. रस्ता दुरुस्तीला काढला होता, एका बाजूला खडीचे ढीग, त्यांना वळसा घालून माणसं एकामागे एक चालली होती. पोती भरायला लागलेत. त्याला ती पोती दिसायला लागली. शिवलेल्या तोंडांची, राखाडी, एकावर एक. मग ती उघडलेली, पेरणीच्या फणामागे सांडत जाणारी भुकटी, आणि वर तो एकच पाऊस, ज्याच्या भरवशावर तिकडची माणसं पेरतात. बी उगवेल. कोंब वर येतील. पंधरवडाभर कुणाला काही कळणार नाही. आणि मग एका सकाळी क्षितिजापर्यंत सगळी पानं जांभळी. त्या जमिनीत दुसरी संधी नसते. ओल उडाली की परत पेरता येत नाही. ते जांभळं त्याने एकाच वाफ्यात बघितलं होतं, तेव्हाही त्याला नीट जेवण गेलं नव्हतं. आता ते त्याच्या नावावर सगळ्या पट्ट्यात पसरणार होतं, तो चालताचालता थांबला, आणि मागचा माणूस त्याच्यावर आदळून म्हणाला, “अहो, चला की, रस्ता काय विकत घेतलाय?”

त्याचे वडील एका कचेरीत टंकलेखक होते. साहेबाच्या गाडीचा भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा, आणि सुट्टीच्या दिवशीही तो वाजला की वडील जेवता जेवता उठून उभे राहायचे, घास हातात धरून. आई म्हणायची, “अहो, बसा, तुम्हाला नाही बोलावलं.” ते बसायचे, पण पुढचं जेवण त्यांना चवीचं लागत नसे. ते कधी कुणाला रागे भरले नाहीत आणि त्यांना कुणी मारलं नव्हतं, लुटलं नव्हतं. ते कशाला घाबरत होते हे मुलांना कधी कळलं नाही. मुलं नुसती घाबरायला शिकली, जशी इतर घरांत गायला शिकतात. हे सगळं त्याला माहीत होतं. पण भीती कुठून आली हे माहीत असल्याने ती जात नाही.

घराच्या दारात दादाचे बूट होते. दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, आणि केंद्राच्या शेतावरचा देखरेख करणारा, आणि गोदामाच्या किल्लीचा धनी. दिवसभर वळसा घालून शेवटी त्या बुटांपाशीच येऊन तो उभा राहिला. काही वर्षांपूर्वी दादाची रोपवाटिकेतली नोकरी गेली होती. रोपवाटिकाच बंद पडली. धट्टाकट्टा माणूस, गावभर हसवणारा, तो दाढी करेनासा झाला होता, दिवसभर पडदा ओढून बसायचा. तेव्हा बायकोने भांडी घासता घासता एकदाच विचारलं होतं, “तुमच्याकडे काही...?” आणि त्याने जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं कुणाकडे काही मागितलं. संचालकांच्या खोलीत जाऊन मेहुण्यासाठी शब्द टाकला. परत आला तेव्हा सदऱ्याची पाठ भिजून चिकटली होती.

“या भाऊजी, या! तुमच्या भुकटीने नाव काढलं म्हणे,” दादा आतून ओरडला. “संचालक काल शेतावर सांगत होते.”

“दादाच्या हाताला गुणच आहे,” बायको ताटं मांडत म्हणाली.

“माझा कसला गुण. मातीचा.”

तो हात धुवायला गेला आणि नको इतका वेळ धूत राहिला. जेवताना दादाने केंद्रातल्या ट्रॅक्टरचालकाची नक्कल केली, बायको हसून हसून ठसकली. दादा सगळ्यांकडे बघून बोलत होता. त्याच्याकडे बघायची वेळ आली की भाजीच्या भांड्याकडे बघत होता. किंवा तसं नसेलही. घाबरलेल्या माणसाला सगळेच जण नजर चुकवताना दिसतात. विचारावं, त्याने ठरवलं, आत्ताच विचारावं, आणि म्हणाला, “दादा, भात घ्या ना.”

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता शेतावर गेला. बसने उतरून तारेच्या कुंपणाकडेने चालत. पीक निघालेलं, धसकटं उभी, माती वाळून भेगाळलेली, ऊन पांढरं. भुकटीच्या वाफ्यात तो उकिडवा बसला आणि पेरणीची ओळ जिथून गेली होती तिथलं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. काही नव्हतं. दुसरं फोडलं. तिसऱ्यात ते होतं. एक राखाडी मणी, बाजरीच्या दाण्याहून मोठा. सुपरचा दाणा जमिनीत गेला की त्यातलं स्फुरद निघून जातं, पण कोरड्या मातीत त्याचं कवच तसंच राहतं, रिकाम्या घरासारखं. बोटात धरून दाबला तर पीठ होतं. त्याने दाबला. पीठ झालं. मग तो ओळीओळीने पुढे सरकत गेला, गुडघ्यांवर, आणि जिथे फोडेल तिथे मणी निघत गेले, आणि एकेका मण्यासरशी त्याच्या छातीतली आशा, की कदाचित चुकून, की कदाचित वाऱ्याने, ती कमी कमी होत गेली. वाऱ्याने इतक्या सरळ ओळीत काही पडत नाही.

“पाणी देऊ का, भाऊजी?”

दादा बांधावर उभा होता, हातात बाटली. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो उठला, गुडघे झटकले, तळहात पुढे केला. तळहातावर मणी होते. दादाने बघितलं आणि बाटलीचं झाकण उगाच उघडलं, परत लावलं.

“तुम्ही टाकलंत?”

“हो.”

“अहो, पण का?”

दादा धसकटांकडे बघत होता. “पहिल्या वर्षी ते पाहुणे आले होते, आठवतं? आणि संचालकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, तुम्हाला साधी ज्वारी पिकवता येत नाही का हो? मऊ आवाजात. सगळे हसले. तुम्ही तिथेच होतात.”

“ते तुम्हाला नव्हते बोलत. भुकटीचं होतं ते.”

“मग तुम्ही तेव्हा सांगायचं होतंत ना.” हे दादाने रागाने नाही म्हटलं. “दुसऱ्या वर्षीही तेच. पानं जांभळी पडायला लागली की मला रात्रीची झोप लागेना. वाटायचं, हा वाफा असाच राहिला तर एक दिवस म्हणतील, देखरेख करणारा बदला. मग यंदा पेरताना ओळीतनं थोडं थोडं सोडलं. माणसं जेवायला गेली होती तेव्हा.”

“मला सांगायचं होतंत.”

“तुम्हाला?” दादा पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसला. “तुम्ही घाबरला असतात.”

लांब रस्त्यावरून एक ट्रक गेला. दोघांनीही त्याच्याकडे असं बघितलं जसं काही त्याच्यावर बरंच अवलंबून आहे.

“शुक्रवारी बैठक आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“हे असं गेलं तर सगळ्या पट्ट्यात भुकटी जाईल, दादा. लोक पेरतील.”

“ते मला तेव्हा सुचलं नाही. वाफा एवढाच दिसत होता डोळ्यांसमोर.” दादा बांधावर बसला. मोठा माणूस, पण बसल्यावर एकदम लहान दिसला. “माझं नाव निघालं तर या वयात कोण ठेवणार मला? परत तो पडदा, परत ती खोली. मी नाही जगायचो त्या खोलीत. तुम्ही काय ते बघा. ताईला मात्र सांगू नका.”

ताई म्हणजे त्याची बायको. थोरला असून दादा तिला लाडाने ताई म्हणायचा. आणि त्या संध्याकाळी तिनेच विचारलं. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती, पाठमोरी. “दादाने काही केलंय का?”

“छे. का?”

“काल जेवताना तुम्ही त्याला दोनदा भात वाढलात. तो एकदाच घेतो हे तुम्हाला माहीत आहे.” तिने एका सदऱ्याच्या बाह्या मागे दुमडल्या. “काही असेल तर मला तुमच्याकडून कळू दे. बाहेरून नको.”

“काही नाही गं.”

तिने पुढचा सदरा घडीला घेतला. शुक्रवारपर्यंत त्याने एक वाक्य तयार केलं. न्हाणीघरात, नळ सोडून, तो ते पुटपुटायचा. ‘शेताची सगळी जबाबदारी माझी आहे.’ त्यात नाव नव्हतं आणि खोटंही नव्हतं. कुणी टाकलं, असं विचारलं तर हेच वाक्य. परत विचारलं तर परत हेच. ते त्याला इतकं पाठ झालं की रस्ता ओलांडताना, जिना चढताना ते आपोआप आत चालू असायचं, आणि त्याच्या तालावर त्याला थोडं थोडं बरंही वाटायला लागलं होतं. आपण हे करू शकू असं त्याला शुक्रवारी सकाळी खरोखर वाटलं. सरासरी मांडून गप्प बसायचा मोहही झाला होता, नाही असं नाही. पण तो मोह आला की ती क्षितिजापर्यंतची जांभळी पानं उभी राहायची, आणि मग संचालकांची भीती त्या भीतीपुढे फिकी पडायची. त्याच्यात धैर्य आलं नव्हतं. दोन भीतींपैकी मोठी कोणती, एवढंच ठरलं होतं.

बैठकीच्या खोलीत गारवा फार होता. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले. वरचे साहेब मधोमध, बारीक, दाढी गुळगुळीत, हातात पेन्सिल. शेजारी संचालक. पलीकडे खाणीचा माणूस, गुडघ्यांवर बॅग धरून. तो उभा राहिला आणि बोलायला लागला, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं की आवाज येतोय. सुपर पहिल्या वर्षापासून चांगलं. हाडांचा चुरा हळू. शेणखत एकट्याने पुरत नाही, पण सुपरबरोबर उत्तम. मग तो म्हणाला, “भुकटीचं तिसरं वर्ष धरता येणार नाही.”

“म्हणजे?” संचालक म्हणाले, मऊ आवाजात.

“त्या वाफ्यात सुपरचे दाणे सापडलेत. ओळीत. पिकाने भुकटी नाही घेतली, सुपर घेतलं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत भुकटी पिकाच्या काही कामाची नाही. ती शिफारस गेली तर पेरण्या जातील.”

खाणीच्या माणसाच्या बॅगेची कडी वाजली. संचालकांनी पेल्याचं झाकण काढलं, आणि ते परत ठेवताना पेल्याच्या कडेवर किंचित वाजलं, दातांसारखं. त्याने बघितलं, संचालकांचा हात थरथरत होता. हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो त्या हाताकडे बघत राहिला, म्हणजे हेही, म्हणजे इतका मोठा माणूसही, आणि त्या एका क्षणात त्याचं पाठ केलेलं वाक्य कुठेतरी घसरलं.

“कुणी टाकले?” वरचे साहेब म्हणाले. त्यांनी मान वरही केली नव्हती.

त्याने तोंड उघडलं. जिभेच्या टोकाशी काहीच नव्हतं. ‘शेताची’ हा शब्दसुद्धा नव्हता. पेन्सिल थांबली. साहेबांनी वर बघितलं, आणि तो टेबलाशी नव्हताच, तो एका लहान घरात हातात घास धरून उभा होता आणि बाहेर भोंगा वाजत होता.

“माझ्या मेहुण्यांनी,” तो म्हणाला.

शब्द बाहेर पडले ते त्याने ऐकले. स्पष्ट, नीट उच्चारलेले. कुणी दटावलं नव्हतं, कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नव्हतं. साहेबांनी “हं” म्हटलं. पुढचं सगळं भराभर झालं. चुनखडीच्या जमिनींसाठी भुकटीची शिफारस रद्द, येत्या पेरणीला सुपर आणि शेणखत, भुकटीची चाचणी दुसरीकडे, आंबट मातीत. जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं. उठताना कुणीतरी त्याचा हात हातात घेऊन म्हणालं, “घरचा माणूस असूनही लपवलं नाहीत. धाडस लागतं याला.” त्याने मान डोलावली.

तो जिन्याने खाली आला. तळमजल्याच्या बाकावर दादा बसला होता. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, गालावर कापल्याचा छोटा लाल ठिपका. त्याला बघून दादा उठला.

“झाली बैठक?”

“झाली.”

“थांबली का शिफारस?”

“थांबली.”

“चला. ते एक बरं झालं.” दादाने श्वास सोडला. “मी कधीचा इथे बसलोय. वर यायचं, स्वतःच्या तोंडाने सांगायचं ठरवून आलो होतो. तुम्हाला कशाला मधे घालायचं? पण पाय उचलेनात. आता उचलतील असं वाटतंय.” तो क्षणभर थांबला. “नाव विचारलं का हो त्यांनी? तुम्ही सांगितलं तर नाहीत ना?”

जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली, दुसऱ्या मजल्यावर विरली. तो दादाच्या गालावरच्या ठिपक्याकडे बघत होता.

“नाही,” तो म्हणाला.

“मग मी जातो. आपणहून सांगितलं की माणसाची थोडी तरी...” दादाने वाक्य पुरं केलं नाही, सदरा खाली ओढला आणि जिना चढायला लागला. कठड्याला धरून, एकेक पायरी. त्याला हाक मारायला अजून वेळ होता. पहिल्या वळणापर्यंत होता. दादा, थांबा, मी सांगितलंय. एवढंच म्हणायचं होतं. वर गेल्यावर संचालक एकच शब्द बोलतील, ‘कळलंय आम्हाला’, आणि दादाच्या चेहऱ्यावरचं ते नवं काहीतरी, जे घेऊन तो चाललाय, ते तिथल्या तिथे विझेल, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाने काय केलं हेही त्याला त्याच वेळी कळेल. हाक मारायला हवी होती. त्याने कठडा घट्ट धरला. वळणावर दादाचा बूट दिसला, मग दिसेनासा झाला.

तो तिथेच उभा राहिला. शिपाई पाण्याची बाटली भरायला आला, गेला. बाकावर दादाची घडी केलेली पिशवी होती. त्याने ती उचलून हातात घेतली, परत ठेवली.

दादा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा होता. त्यावरून काहीच वाचता येत नव्हतं. “काढलं नाही,” तो म्हणाला. “शेतावरून हलवणार. बियाण्यांच्या गोदामात. म्हणाले, स्वतः आलात म्हणून.” दोघं मिळून बाहेर पडले, बस येईपर्यंत थांब्यावर उभे राहिले. दादा रस्त्याकडे बघत होता. तो दादाकडे बघत होता.

त्या संध्याकाळी दादानेच बहिणीला सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. ती आधी त्याच्यावर चिडली, मग रडली, आणि मग दादा गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, “चुकला तो. पण शेवटी स्वतःच्या पायांनी गेला, स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने. सगळ्यांना नाही जमत.” तो हो म्हणाला. ती पुढे म्हणाली, “आणि तुम्ही त्याचं नाव नाही घेतलंत. दादा म्हणाला मला. मी उगाच तुमच्यावर शंका घेतली होती.” तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि तो जागचा हलला नाही.

पेरण्या झाल्या. कोरडवाहू पट्ट्यातून पिकं हिरवी असल्याचं कळत राहिलं. दादा गोदामात रुळला, तिथल्या माणसांच्या नकला करू लागला. दर आठवड्याला जेवायला येऊ लागला, पूर्वीसारखाच. आणि दर आठवड्याला तो ताटावरून दादाचा चेहरा बघत बसायचा. एखादं वाक्य, एखादी नजर. दादा मीठ मागायचा तेव्हा मीठच मागत असायचा का? हसताना जरा जास्त वेळ हसायचा का? संचालकांना जाऊन विचारणं शक्य नव्हतं. ते जिन्यात भेटले की पूर्वीसारखेच मऊ बोलायचे, खांद्यावर मात्र हात ठेवत नव्हते. एकदा बायको आत भात आणायला गेली तेव्हा त्याच्याने राहवलं नाही.

“दादा, त्या दिवशी तुम्ही वर गेलात, तेव्हा संचालक काय म्हणाले होते?”

दादाने घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

“काय म्हणणार? बसा म्हणाले. पाणी दिलं.” त्याने पाण्याचा पेला उचलला, प्यायला, खाली ठेवला. मग त्याच्याकडे बघून, अगदी प्रेमाने, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, “तुम्ही नका घाबरू, भाऊजी.”

“कशाला घाबरतायत ते?” बायको आतून भाताचं भांडं घेऊन येत म्हणाली.

“कशालाच नाही गं, ताई,” दादा म्हणाला. “वाढ त्यांना.”